वीस मिनिटांची नळी

[दृश्य: ऑगस्टमधला पाऊस. सोयाबीनचं रान, बांधावर वाढलेलं गवत. ग्रामीण रुग्णालयाच्या दारात मोटारसायकल येऊन थांबते.]

पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला मोटारसायकलवर मधे बसवून आणतात. मागचा त्याला एका हातानं धरून असतो, दुसऱ्या हातात प्लास्टिकची बरणी. बरणीत मारलेलं जनावर. “हेच व्हतं बघा, डॉक्टर.”

मराठवाड्यात खरिपाच्या दिवसांत हे कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्याला नवं नाही. साप दाखवला की डॉक्टरला औषध कळतं, अशी समजूत. पण साप शोधण्यात, मारण्यात गेलेला वेळ पेशंटच्या वाट्याचा असतो. शिवाय तोडलेलं मुंडकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. आणि साप नसला तरी डॉक्टरचं अडत नाही. दवाखान्यात सगळे ज्याला ‘एएसव्ही’ (अँटी-स्नेक व्हेनम) म्हणतात, ते सर्पविषावरच्या उताऱ्याचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच आहे. विचारायचं ते एवढंच: विष अंगात गेलंय का, आणि अजून काम करतंय का?

गावाकडं याची परीक्षा पूर्वापार चालत आली आहे. लिंबाचा पाला चावायला द्यायचा; कडू लागला नाही तर विष चढलं. कुठं पाल्याऐवजी मिरची. विष भिनल्याचं जिभेच्या चवीवरून कळत नाही, तरी ही परीक्षा टिकून आहे. का? चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. असा माणूस काही न करताही बरा होणारच असतो. तो उठून बसला की नाव होतं मांत्रिकाचं.

[दृश्य: टेबलावर काचेची कोरडी नळी, शेजारी घड्याळ.]

दवाखान्यातली परीक्षा ही. शिरेतून दोन मिलीलीटर रक्त काढायचं, काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत सोडायचं आणि नळी उभी ठेवून द्यायची. हलवायची नाही, मधेच उचलून बघायची नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. रक्ताची गाठ झाली असेल तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष आत काम करतंय. हे विष रक्त गोठवणारे घटक आतल्या आत खर्चून टाकतं. मग हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडंही बसतात.

१९७०च्या दशकात नायजेरियात फुरशाच्या दंशावर काम करणारे डेव्हिड वॉरेल आणि त्यांचे सहकारी खाटेशेजारी अशीच साधी तपासणी करत. प्रयोगशाळा नाही, वीज नाही, तरी चालते. मात्र नळी काचेचीच हवी, कारण काचेचा पृष्ठभागच रक्ताला गोठायला लावतो. प्लास्टिकची नळी घेतली, किंवा काचेची नळी साबणाच्या पाण्यानं धुतलेली असली, तर धडधाकट माणसाचं रक्तही गोठत नाही आणि गरज नसताना एएसव्ही चढतं. घोड्याच्या रक्तापासून बनणाऱ्या या औषधाची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. म्हणून ते देताना ती आवरणारं अ‍ॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवतात. आणि पहिल्यांदा गाठ झाली म्हणून पेशंटला घरी धाडायचं नाही. विष कधी उशिरा चढतं, नळी पुन्हा लावावी लागते.

शरीराची लक्षणं वाचण्याची हीच रीत विंचवाच्या दंशात जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वापरली. महाडला रुग्णांच्या उशाशी बसून ते रक्तदाब मोजत राहिले, आणि रक्तदाबाचंच एक औषध, प्राझोसिन, विंचवावर लागू पडतं हे त्यांनी दाखवून दिलं. तो माहितीपट वेगळा होईल.

[दृश्य: पांढऱ्या भुकटीची कुपी. सिरिंजनं पाणी सोडलं जातं.]

सर्पविषावरचा पहिला रक्तद्रव, म्हणजे सीरम, १८९४ सालचा. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आल्बेर काल्मेट यांचा तो रक्तद्रव नागाच्या विषापासून केला होता. घोणशीपुढं तो चालला नाही. आजच्या कुपीत चौघांवरचा उतारा आहे, भुकटीच्या रूपात, म्हणून फ्रीज बंद पडला तरी लगेच वाया जात नाही. सुरुवात साधारण दहा कुप्यांनी होते. लेकरालाही तेवढ्याच, कारण लेकरू बघून साप कमी विष सोडत नाही.

या औषधासाठी लागणारं विष बरंचसं तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. संस्था १९७८ची. पण घोणशीचं विष सगळीकडं सारखं नसतं, आणि तिकडच्या सापावरून बनवलेलं औषध इकडं कमी पडू शकतं. म्हणून पहिल्या डोसनंतर सहा तासांनी पुन्हा नळी. सहा तास अशासाठी, की विष निष्प्रभ झालं तरी यकृताला गोठवणारे घटक नव्यानं बनवायला तेवढा वेळ लागतो. रक्त तरीही पातळ असेल तर आणखी डोस.

मण्यारीपुढं मात्र नळी मुकी.

रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरतो, आणि घरचे पित्त समजून बसतात. इथं बघायच्या त्या पापण्या. त्या खाली येऊ लागल्या की पुढची पाळी श्वासाची. मण्यारीचं विष मज्जातंतूंची टोकं निकामी करतं. एकदा ती बिघडली की एएसव्हीनं दुरुस्त होत नाहीत. ती पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर श्वास बाहेरून द्यायचा. व्हेंटिलेटर अंबाजोगाईला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात. तिथवर पोचायला अँब्युलन्समध्ये १९५६ साली डेन्मार्कमध्ये निघालेली रबरी पिशवी, अंबू बॅग. पाच-सहा सेकंदांनी एकदा दाबायची, हात बदलत, घाटी येईपर्यंत.