नीतिमान माणसाला लाभणारा आशीर्वाद : स्तोत्र 112 चा अभ्यास

बंधुभगिनींनो, आजच्या अभ्यासासाठी मी बायबलमधील स्तोत्रसंहितेतील 112वे स्तोत्र घेतले आहे. परमेश्वराचे भय धरणारा धन्य, असे म्हणून हे स्तोत्र लगेच पराक्रमी संततीची आणि घरातील धनसंपदेची ग्वाही देते. तेथेच वाचन थांबवले, तर भक्ती केली की घर भरते असा हिशेब सहज मांडला जातो, आणि मग ज्याचे घर भरले नाही त्याच्या भक्तीवर संशय घेतला जातो. सर्वस्व गमावलेल्या नीतिमान ईयोबाच्या मित्रांनी नेमके हेच केले होते.

हा हिशेब का टिकत नाही, हे कळण्यासाठी आधीचे 111वे स्तोत्र शेजारी ठेवून वाचावे. दोन्ही स्तोत्रे जुळी आहेत : प्रत्येकी 10 वचने, आणि आरंभीच्या स्तुतिघोषानंतर हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांनी क्रमाने सुरू होणाऱ्या 22 ओळी. पहिले परमेश्वराचे वर्णन करते, दुसरे त्याच्या भक्ताचे. परमेश्वराचे नीतिमत्त्व सर्वकाळ टिकते असे पहिल्याच्या तिसऱ्या वचनात आहे; दुसऱ्याच्या तिसऱ्या वचनात तेच भक्ताविषयी म्हटले आहे. कृपाळू आणि दयाळू हे परमेश्वराचे गुणही चौथ्या वचनात भक्ताच्या ठायी दिसतात. आपण ज्याला भजतो त्याचा स्वभाव आपल्यात उतरावा, याहून मोठा आशीर्वाद मला या स्तोत्रात सापडत नाही.

तो स्वभाव ओळखायचा कसा, हे पाचवे वचन सांगते : असा माणूस दया करतो, उसने देतो आणि आपला व्यवहार न्यायाने चालवतो. गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये, असा नियमशास्त्राचा दंडक होता (निर्गम 22:25); म्हणजे असे उसने देण्यात लाभ काहीच नव्हता, बुडण्याची भीती मात्र होती. नाशिक जिल्ह्यात हे फोड करून सांगण्याची गरज नाही. द्राक्षबागेच्या छाटणीपासून काढणीपर्यंत औषधे आणि मजुरी यांसाठी हातउसने मागावे लागते तेव्हा कोण अडवणूक करतो आणि कोण सांभाळून घेतो, हे गावाला ठाऊक असते. अशा वेळी संपत्ती हे नीतिमानाचे बक्षीस राहत नाही. ती त्याच्या हाती दिलेली जबाबदारी होते.

सातवे वचन तर मला फार धीर देते. नीतिमान वाईट बातमीला भीत नाही, असे ते म्हणते. वाईट बातमी येणारच नाही, असे म्हणत नाही. काढणीला आलेल्या बागेवर गारपीट भक्ताच्या शेतातही होते. त्याचे मन परमेश्वरावर भाव ठेवून स्थिर राहते, एवढेच वचन येथे आहे, आणि ते पुरेसे मोठे आहे. दहाव्या वचनातील दुर्जनाच्या दातओठ खाण्यावर मी थांबणार नाही. स्तोत्रही तेथे फार थांबत नाही.

नीतिमानाचे स्मरण सर्वकाळ राहील, असे सहावे वचन म्हणते. आपल्याच नाशिकच्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा आणि शिक्षण मिळाले. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शोधात निघालेल्या तुकडीबरोबर आफ्रिकेत गेला, आणि 1873 मध्ये लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर जेथे त्याचे हृदय पुरले, तेथील झाडावर त्याने स्मृतिलेख कोरला. वेनराइटपाशी ना धन होते ना वंशाचा मान. तरीही त्याचे नाव आपण आज घेतो.

नीतिमान गरिबांना सढळ हाताने वाटून देतो, असे सांगणारे नववे वचन प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (9:9) उद्धृत केले, ते यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना. पेरणाऱ्याला बी पुरवणारा देव तुमचेही बी वाढवील, असे तो पुढच्याच वचनात लिहितो, आणि त्यानंतर त्या वाढीचे कारण देतो : तुम्हांला सढळ हाताने देता यावे.