पोराची केस आणि चारित्र्य पडताळणी

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्यात फौजेची आणि पोलीस भरतीची ओढ जुनी आहे. त्यामुळे आम्हा वकिलांकडे एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, यात्रेतल्या मारामारीत पोराचं नाव गोवलं गेलं होतं. आता चारित्र्य पडताळणीत ते निघंल का?"

मी आधी विचारतो, घटनेच्या दिवशी वय किती होतं? निकालाच्या दिवशीचं नव्हे, घटनेच्या दिवशीचं.

अठरा पूर्ण नसतील, तर २०१५चा बाल न्याय कायदा पोराच्या पाठीशी आहे. बाल न्याय मंडळात, म्हणजे अठराखालच्या मुलांची प्रकरणं चालतात तिथं, दोष सिद्ध झाला, तरी त्यापायी नोकरीत अपात्रता येत नाही. अपिलाची मुदत गेल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा असतो. हे कलम २४. कलम ७४ तर पोलिसांनाच बजावतं की, निकाली निघालेल्या अशा प्रकरणाची माहिती चारित्र्याच्या दाखल्यासाठी द्यायची नाही. अपवाद एकच: सोळा ते अठरा वयात अतिगंभीर गुन्हा केला आणि मंडळाऐवजी बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवून दोषी ठरवलं, तर कलम २४चं संरक्षण मिळत नाही.

कागदावर हे चोख आहे. पण पोलीस ठाण्यातली नोंद आपोआप गेली असेल, या भरवशावर राहू नका. मंडळाकडे अर्ज करा, आदेशाची प्रमाणित प्रत घ्या, जपून ठेवा.

अठरा उलटल्यानंतरच्या गुन्ह्याचं मात्र वेगळं. "पाच वर्षं झाली की नाव निघतं" असं पारावर कुणी सांगेल. तसा कायदा आपल्याकडे नाही. कोर्टात समझोता झाला तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच असतो, तरी गुन्हा दाखल झाला होता ही गोष्ट उरतेच. १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर शिक्षेमुळे येणारी अपात्रता टळते; दोषसिद्धी पुसली जात नाही.

मग फॉर्ममध्ये काय लिहायचं? साक्षांकन नमुन्यात, म्हणजे पडताळणीसाठी स्वतःची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्ये, विचारलं असेल, तर खरं तेच. २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, किरकोळ प्रकरण लपवलं तर नोकरी देणारा ते माफ करू शकतो. गंभीर असेल तर उमेदवारी किंवा नोकरी रद्द करू शकतो. खरं सांगितलं तरी निवड होईलच असं नाही, हेही त्याच निकालात आहे. पण लपवलेलं उघडं पडलं, की बाजू मांडायला फारसं काही उरत नाही. एजंट "नाही लिही" म्हणतो, पुढे त्याचा फोन लागत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. मुलांना आणि महिलांना तिथं मोफत वकील मिळतो. जाताना जन्मतारखेचा शाळेचा दाखला आणि केसचे कागद बरोबर न्या.