शेपटीतल्या माणसाने पाहिलेला सॅल्यूट

मित्रहो, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडची, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाची, ५५,००० हून अधिक माणसं मारली गेली. बहुतेक विशीतली पोरं. एवढा मोठा आकडा मनात मावत नाही, म्हणून आज त्यातल्या एकाबद्दलच बोलतो.

अँड्र्यू मिनार्स्की. जन्म १९१६, कॅनडातलं विनिपेग. आईवडील पोलंडहून आलेले. वडील लवकर गेले आणि घर चालवायला हा चामडं कापायच्या कामाला लागला. पुढे हवाई दलात गनर, म्हणजे विमानातली मशीनगन चालवणारा झाला.

१२ जून १९४४ ची रात्र. दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरून सहाच दिवस झाले होते. जर्मन कुमक रेल्वेने येऊ नये म्हणून फ्रान्समधल्या कँब्रेच्या रेल्वे यार्डावर बॉम्ब टाकायचे होते. लँकास्टर या बॉम्बफेकी विमानात सात जण. मिनार्स्की वरच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या घुमटीत, त्याचा जिवलग पॅट ब्रॉफी शेपटीतल्या टरेटमध्ये.

जर्मन लढाऊ विमानाने गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, आग लागली, कॅप्टनने उडी मारायचा हुकूम दिला. आता एक गोष्ट नीट समजून घ्या. शेपटीतलं टरेट हायड्रॉलिकवर, म्हणजे नळ्यांतल्या तेलाच्या दाबावर फिरतं. तो दाब गेला आणि टरेट आडवं अडकलं, म्हणजे ब्रॉफीचा दरवाजा विमानाच्या पोटासमोर येईना. हाताने फिरवायचा दांडा होता, तोही तुटला.

मिनार्स्की बाहेर पडायच्या दारापाशी पोचला होता. उडी मारली असती तर त्याला कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्याची नजर मागे गेली, आणि तो आगीतून रांगत मित्राकडे गेला. आधी कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी दार उचकटू लागला. कमरेखालचे कपडे पेटलेले. ब्रॉफीनेच खुणा करून त्याला परत पाठवलं. तेव्हा हा पाठ न फिरवता, तोंड मित्राकडेच ठेवून मागे सरकत गेला. दाराशी उभा राहिला, जळत्या कपड्यांतच सॅल्यूट ठोकला आणि उडी मारली. ओठ हलले होते. ब्रॉफीला शब्द ऐकू आले नाहीत, तरी ते कोणते ते त्याला ठाऊक होते. रोज रात्री निरोप घेताना दोघं म्हणायचे तेच, ‘गुड नाईट, सर.’

खाली फ्रेंच लोकांनी मिनार्स्कीला उचललं, पण भाजल्यामुळे तो वाचला नाही. वय २७.

आणि ब्रॉफी? विमान आदळलं, टरेट तुटून बाजूला फेकलं गेलं आणि तो जिवंत राहिला! बाकीचे पाचही वाचले. पण जळत्या विमानात काय घडलं, हे पाहणारा एकटा ब्रॉफी होता. मला राहून राहून हेच वाटतं, की तोही गेला असता तर त्या पाच जणांनासुद्धा आपला अँडी कसा गेला हे कळलं नसतं. ब्रॉफीने सांगितलं, म्हणून १९४६ साली मिनार्स्कीला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान, जाहीर झाला.

मिनार्स्कीची कबर फ्रान्समध्ये मेहारिकूर गावात आहे. कॅनडात हॅमिल्टनच्या संग्रहालयात एक लँकास्टर आजही उडण्याजोगं ठेवलंय. त्याच्या अंगावर व्हीआर-ए ही अक्षरं आहेत. त्या रात्रीच्या विमानावर होती तीच.