फादरांनी मोर्चात यावं का?

श्रोतेहो, नमस्कार.

बावखल म्हणजे काय, हे वसईकरांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं छोटं तळं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचं पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागलं आणि केळी-पानवेलींच्या जमिनींवर बिल्डरांची नजर पडली. त्याविरुद्ध 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. तिच्यात पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, कॅथलिक धर्मगुरू आणि 'सुवार्ता' मासिकाचे संपादक.

फादरांनी मिस्सा करावी, मोर्चे कशाला काढावेत, असं विचारणारे आजही भेटतात. मला हे कोडंच वाटतं. ज्याच्या विहिरीला खारं पाणी लागलं, त्याला रविवारी नुसती सहनशीलता शिकवायची? पाण्याचा प्रश्न राजकीय असतो, कारण ते कुणाला द्यायचं हे सरकार ठरवतं.

आता दुसरं टोक. २०१७च्या नोव्हेंबरात, गुजरातच्या निवडणुकीआधी, गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी आपल्या लोकांना पत्र लिहिलं. राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा म्हणून प्रार्थना करा, असं त्यात होतं. त्यांना नोटीस आली. धर्माच्या नावावर मत मागणं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण ठरतं. पत्रात कुणाला मत द्या असं म्हटलं नव्हतं, हे खरं. तरीही मला ते पत्र खटकलं. चिंता रास्त होती, वेळ चुकली. मतदान तोंडावर असताना बिशपांच्या सहीचा कागद आला की भाविक त्यात पक्षाचं नाव शोधणारच.

चर्चचा स्वतःचा कायदाही धर्मगुरूंना सत्तेचं पद घेऊ देत नाही, पक्षात सक्रिय होऊ देत नाही. बोलू नका, असं मात्र तो म्हणत नाही.

माझी अट एकच. फादरांनी भूमिका जरूर घ्यावी, पण जिथे समोरचा उलटून बोलू शकेल अशा जागी. मोर्चात, ग्रामसभेत, वर्तमानपत्रात. वेदीवरून बोललं की बाकांवरचे फक्त ऐकतात. प्रवचन चालू असताना हात वर करून 'फादर, हे पटलं नाही' म्हणणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

अर्थात, या क्षणी मीही अशाच जागी बसलोय, जिथून मला तुमचं ऐकू येत नाही. तेव्हा पत्रं पाठवा.