हक्कसोड : सही कशावर झाली?

[दृश्य : रावेर तालुका. केळीची बाग, बांधालगत विहीर]

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधले जातात, आणि बऱ्याच घरांत याच दिवसांत हक्कसोडीचा, म्हणजे बहिणीनं जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडून देण्याचा, विषय निघतो. ‘बहिणीनं सही दिली’ म्हणजे झालं, असं सगळे धरून चालतात. सही कशावर दिली, हे कोणी बघत नाही.

वडील वारले की आधी वारसनोंद. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे, तीन महिन्यांच्या आत. नमुना 6-क म्हणजे वारसांच्या नोंदवहीत वारस, मग नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद. नोटिशीनंतर 15 दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. इथं बहिणींची नावं लागलीच पाहिजेत. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे.

‘त्यांना नकोच आहे’ म्हणत काही जण अर्जातून बहिणींची नावं गाळतात आणि स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ठेवतात. त्या कागदानं जमिनीतला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं.

[दृश्य : दस्ताचं पान, गट क्रमांकांवर बोट]

हक्क कोणाच्या लाभात सोडला, ते दस्तात नावानिशी हवं. दोन भाऊ असताना हे मोघम राहिलं की पुढं भावा-भावांत जुंपते. सातबाऱ्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं असेल, तर दोन्ही ‘उर्फ’ लावून लिहा.

सगळ्यात महागात पडते ती विहीर. केळी एका गटात, विहीर दुसऱ्या गटात, मधे पाइपलाइन. दस्तात केळीचाच गट लिहिला, तर बाग भावाची होते आणि विहिरीतला हिस्सा बहिणीच्या नावावर तसाच राहतो. बाग विकायला काढली की घेणाऱ्याचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवतो. मग पुन्हा सगळ्या बहिणी गोळा करा. म्हणून आधी 8-अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या गटांचा उतारा, काढा आणि सोडायचा एकेक गट त्यावरून ताडून पाहा.

सोसायटीच्या कर्जाचा बोजा मात्र हक्कसोडीनं उतरत नाही. तो सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात राहतो. आणि नोंदवलेली हक्कसोड पुढच्या आखाजीला मन बदललं म्हणून एकतर्फी फिरवता येत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं.

[क्लोज-अप : सातबारा]

दस्त नोंदला की त्यावरून नवा फेरफार धरला जातो. तो प्रमाणित झाल्यावर बहिणीच्या नावाला कंस पडतो, म्हणजे ते नाव कमी होतं. ‘प्रलंबित फेरफार’समोर क्रमांक दिसत असेल, तर काम अजून मंडळ अधिकाऱ्यांच्या टेबलावर आहे.