मोजा कितीचा, हे विचारताना

नमस्कार श्रोतेहो.

इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन "वायरमनचे हातमोजे द्या" म्हटलं की दुकानदार मागच्या रॅकवरून एक जोड काढून काउंटरवर टाकतो. जाडजूड, लांब, रबरी. आपण विचारतो, "कितीला?" थोडी घासाघीस होते, पिशवीत पडतात आणि काम झालं. हा मोजा किती व्होल्ट सोसणार, हे ना आपण विचारलेलं असतं, ना त्याने सांगितलेलं. आज मला बोलायचंय ते याच न विचारलेल्या प्रश्नाबद्दल.

ऐकणाऱ्यांत लाइनमन असतील, नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले मेंटेनन्सवाले असतील, त्यांना कामाला लावणारे कंत्राटदार असतील. कंत्राटदारांनी जरा जास्त लक्ष द्यावं, कारण खरेदी तेच करतात आणि घालणारा दुसराच असतो.

आधी एक ठरवून टाकू. मोजे, बूट, हेल्मेट ही सगळी शेवटची फळी. सप्लाय बंद करणं, परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी घेणं, तारेत वीज नाही याची टेस्टरने खात्री करणं, डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग करणं, म्हणजे तार जमिनीशी जोडणं, हे सगळं त्याच्या आधी. हातात चांगला मोजा आहे म्हणून ११ केव्हीच्या, म्हणजे ११,००० व्होल्टच्या, चालू लाइनला हात लावायला कोणी निघाला असेल, तर त्याला तिथेच थांबवा. मोजा लागतो तो एबी स्विच, म्हणजे पोलवरून लाइन तोडणारा स्विच, ओढताना, टेस्टिंग करताना, अर्थिंग लावताना. म्हणजे "लाइन बंद आहे" असं आपण समजतोय आणि ती बंद नसेल, त्या वेळेसाठी.

आता मोजा उलगडून बघू. मनगटाच्या काठाजवळ एक लेबल असतं. त्यावर क्लास लिहिलेला असतो: ००, ०, १, २, ३, ४. क्लास ०० चालतो ५०० व्होल्टपर्यंत, क्लास ० चालतो १,००० पर्यंत. क्लास १ ची मर्यादा ७,५०० व्होल्ट, २ ची १७,०००, ३ ची २६,५०० आणि ४ ची ३६,०००. म्हणजे ११ केव्हीच्या कामाला क्लास २ लागतो. ३३ केव्हीला क्लास ३ अपुरा पडतो, तिथे ४ च हवा. लेबलच नसेल, किंवा नुसतं "शॉकप्रूफ" असं छापलं असेल, तर तो मोजा कितीही जाड असो, माझ्या मते तो भांडी घासायला न्यावा.

जाडीवरून आठवलं. जितका जाड तितका चांगला, असं पुष्कळांना वाटतं. पॅनेलमधला बारीक स्क्रू क्लास २ च्या मोज्याने धरून दाखवा बरं! धरता येत नाही, मग माणूस मोजा काढून खिशात खोचतो आणि उघड्या हाताने स्क्रू फिरवतो. साहेबाच्या रजिस्टरमध्ये मोजा दिल्याची सही असतेच. म्हणून ४१५ व्होल्टच्या पॅनेलला क्लास ० घ्या, मीटरच्या बारीक कामाला क्लास ०० पुरतो. पण सोलरवाल्यांनी इथे सावध राहावं. पीएम सूर्यघर योजना २०२४ मध्ये आली आणि छपरांवरची कामं वाढली. त्या सोलर पॅनेलच्या माळेत डीसी व्होल्टेज कित्येकदा ६०० च्या पुढे जातं, आणि ऊन असेपर्यंत मेन स्विच पाडला तरी पॅनेलच्या बाजूची वीज जात नाही. तिथे ०० वर भिस्त ठेवू नका, ० घ्या.

रबरी मोज्यावर चामड्याचा मोजा चढवायचा असतो, कारण तारेचं टोक, पत्र्याची धार यांनी रबर फाटतं. मात्र चामड्याची बाही रबराच्या काठापर्यंत येता कामा नये. ओलं किंवा घामेजलेलं चामडं वीज वाहून नेतं आणि मग ती थेट तुमच्या मनगटावर. क्लास ० ला साधारण अर्धा इंच, क्लास २ ला दोन इंच, क्लास ४ ला चार इंच रबर मोकळं दिसलं पाहिजे.

आणि रोज सकाळी, हातात घालण्याआधी, हवा भरून बघायचं. मोज्याचं तोंड दोन्ही हातांनी धरा, आत हवा कोंडा आणि काठापासून बोटांकडे गुंडाळत न्या. बोटं टम्म फुगतात. मग मोजा गालाजवळ, कानाजवळ आणा आणि दाबा. हवा सुटली तर गालाला झुळूक कळते, बारीक फुस्स ऐकू येतं. बोटांच्या बेचक्यात डोळे घालून बघा, भेगा तिथेच आधी पडतात. सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं तरी मोजा बाद. बाद म्हणजे कापून टाकायचा, नाहीतर तो संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या तरी पिशवीत जाऊन बसतो. हाय टेन्शनच्या मोज्यांची दर ६ महिन्यांनी लॅबमध्ये टेस्ट करून घ्यायची, तारखेचा शिक्का तपासायचा. मोजे घडी घालून पकडीखाली दाबून ठेवू नका, उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या डिकीत तर मुळीच नको. ग्रीस, डिझेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं.

शॉक एवढीच भीती बहुतेकांच्या मनात असते. कारखान्याच्या पॅनेल रूममध्ये त्याहून वेगळी एक गोष्ट घडते. दोन फेजमध्ये पाना पडला, उंदीर शिरला, बसबार म्हणजे वीज वाहून नेणारी धातूची पट्टी ढिली झाली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत भडका उडतो. त्या ठिणगीचं तापमान सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा, म्हणजे साडेपाच हजार अंशांपेक्षा, कितीतरी जास्त जाऊ शकतं. तिथे माणसाला तारेला शिवावंही लागत नाही. अंगावर जे कपडे असतील ते जळतात, आणि टेरीकॉटचे असतील तर वितळून कातडीला चिकटतात. डॉक्टरांना ते सोलून काढावे लागतात.

म्हणून पॅनेलवाल्याचा गणवेश पॉलिस्टर किंवा नायलॉनचा नको. साधं सुती कापड वितळत नाही, पण पेटतं. खरा उपाय आर्क रेटेड, म्हणजे असा विजेचा भडका सोसणारे, कपडे. त्यांच्या टॅगवर चौरस सेंटिमीटरला किती कॅलरी, असा आकडा असतो: ४, ८, २५, ४०. उघड्या कातडीला १.२ कॅलरी पोचली की दुसऱ्या दर्जाचा भाजल्याचा फोड येतो, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचे आकडे आपोआप उलगडतात. किती रेटिंगचं घ्यायचं हे त्या पॅनेलचा हिशेब करणारा इंजिनिअर सांगेल, दुकानदाराला विचारू नका. आतला बनियनही सुतीच हवा. धुताना ब्लीच नको, स्टार्चही नको, हे घरी वहिनींना किंवा जो कोणी धुतो त्याला सांगून ठेवा.

एक गंमत, खरं तर गंमत नाही ती. हा एवढा महागाचा शर्ट घालून माणूस त्यावर चमकणारं हिरवं पॉलिस्टर जॅकेट चढवतो, कारण साइटवर तसा नियम असतो! पावसाळ्यात नायलॉनचा रेनकोट. म्हणजे वितळणारा थर पुन्हा सगळ्यात वर. जॅकेटही आर्क रेटेड मिळतं, ते मागवा. चेहऱ्यासाठी ग्राइंडिंगचा पारदर्शक शील्ड चालत नाही, त्यावरही कॅलरीचा आकडा लागतो.

बाकीचं झटपट. हेल्मेट आयएस, म्हणजे भारतीय मानक, २९२५ चं, हवेची भोकं नसलेलं, हनुवटीचा पट्टा बांधलेलं. बूट आयएस १५२९८ चे आणि इलेक्ट्रिकल कामासाठी म्हणून लिहिलेले. तळवा ओला किंवा झिजलेला असेल तर त्याचा भरवसा धरू नका. पोलवर कमरेचा पट्टा नको, आयएस ३५२१ चा पूर्ण अंगाचा हार्नेस हवा, कारण कमरेवर झटका बसला की मणका जातो. अंगठी, कडं, गळ्यातली चेन खाली काढून ठेवायची. आयएसआयच्या शिक्क्याखाली सीएम/एल, म्हणजे परवान्याचा, नंबर असतो, तो बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर टाकला की खरा-खोटा कळतो.

शेतकरी दादांसाठी दोन शब्द. द्राक्षावर फवारणी करतानाचे मोजे औषधापासून वाचवायला असतात, विजेपासून नाही. गमबूटही तसेच, ते चिखलासाठी. बोअरच्या स्टार्टरमध्ये उंदराने वायर कुरतडली असेल तर मेन पाडा, फ्यूज काढून हातात घ्या आणि वायरमनला बोलवा.

ही साधनं पुरवणं मालकाची जबाबदारी आहे, उपकार नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतच मोजे, रबरी बूट, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, अर्थिंगचं साहित्य अशी यादी आहे. २०२३ मध्ये ते नियम नव्याने आले. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात, त्र्यंबकला तात्पुरत्या जोडण्यांची कामं निघणार. तिथल्या कोटेशनमध्ये "सेफ्टी साहित्य, एक लॉट" असं लिहून येईल. ते तसं मान्य करू नका. क्लास, रेटिंग, टेस्टची तारीख आणि माप, चारही लिहून मागा.

माप तर हमखास विसरतं. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडमधून आता मुलीही बाहेर पडतात, महावितरणमध्ये पोलवर चढतात, आणि त्यांच्या हातात येतो तो दहा नंबरचा ढगळ मोजा. टेप घ्या, अंगठा सोडून तळहाताचा घेर इंचांत मोजा. जो आकडा येईल तोच साधारण मोज्याचा नंबर. आत सुती मोजा घालणार असाल तर थोडा मोठा नंबर घ्या. ऑर्डर लिहिताना प्रत्येकाच्या नावापुढे तो नंबर टाका.

नमस्कार.