विसर्गाच्या खालच्या बाजूला

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात याच रेडिओवर तुम्ही ऐकत असता, अमुक धरणातून नदीपात्रात इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. असली पत्रकं मी स्वतः काढली आहेत. एका ओळीचं काम. सही केली, चहा मागवला, संपलं. त्या ओळीच्या खालच्या बाजूला जाऊन झोपायची वेळ मात्र निवृत्तीनंतर आली, तीही अमेरिकेत, ॲरिझोनामध्ये, ग्रँड कॅन्यनच्या तळाशी.

मुलगी फिनिक्सला असते. 2018 च्या मे महिन्यात मी तिच्याकडे होतो. तिने परस्पर सहा दिवसांचं राफ्टिंग ठरवून टाकलं आणि मग विचारलं, "बाबा, पोहता येतं ना तुम्हाला?" म्हटलं, "विहिरीत."

लीज फेरी नावाच्या ठिकाणी राफ्ट पाण्यात उतरतात. तिथून पंधरा मैल वर ग्लेन कॅन्यन धरण आहे. 1963 साली पाणी अडवलं. उंची 216 मीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या दुपटीहून जास्त. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तांबूस. पूर्वी ही नदी गाळाने लाल वाहायची. आता गाळ जलाशयात बसतो आणि खाली येतं ते हिरवंगार, नितळ पाणी. शिवाय ते जलाशयाच्या खोल थरातून सुटतं. काठावर वाळवंट, पारा चाळिशीकडे, आणि पाणी दहा अंशांच्या आसपास! पाय बुडवला तर नडगीपर्यंत कळ गेली. गाइड बाईंनी पहिल्याच सूचनेत सांगितलं, इथे बुडण्याआधी माणूस गारठतो, म्हणून लाइफ जॅकेट काढायचं ते फक्त जमिनीवर.

राफ्ट अठरा फुटी, रबरी. मधोमध बसून त्या एकट्या दोन लांब वल्ह्यांनी ती हाकत. आम्ही चार पाहुणे पुढे, सामान मागे पट्ट्यांनी आवळलेलं.

पहिल्या सकाळी उठून पाहतो तर आदल्या संध्याकाळी पाण्यावर डुलणाऱ्या दोन राफ्ट चक्क वाळूवर बसलेल्या. नदी रात्रीत गुडघाभर उतरली होती. बरोबरचे लोक चकित. मला मात्र हसू आलं, कारण या भरती-ओहोटीचा चंद्राशी काही संबंध नव्हता. दुपारी शहरांतून एसी सुरू झाले की विजेची मागणी वाढते, वीजगृहातून जास्त पाणी सुटतं. रात्री मागणी पडली की विसर्ग कमी. तो चढउतार खालपर्यंत पोचायला कित्येक तास लागतात, त्यामुळे प्रत्येक मुक्कामाला भरतीची वेळ निराळी. आपल्याकडे कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करतात, तेही सकाळी वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावरच. पण तिथे दोन तासांत माणूस बाहेर पडून मिसळ खायला मोकळा. इथे सहा दिवस त्या वेळापत्रकाच्या पोटात राहायचं.

वाळूचंही तेच. गाळ वरच अडल्यामुळे तंबूंच्या जागा, म्हणजे काठचे वाळूचे पट्टे, वर्षागणिक झिजत चाललेत. त्यावर उपाय म्हणून मार्च 1996 मध्ये सात दिवस 45 हजार क्युसेक मुद्दाम सोडले, तळाची वाळू उचलून काठावर चढावी म्हणून. ठरवून आणलेला पूर! आमच्या खात्यात असा प्रस्ताव ठेवला असता तर साहेबांनी मला आधी डॉक्टरकडे धाडलं असतं.

मुक्कामाचे नियम कडक. उष्ट्याचा कण मागे ठेवायचा नाही. शौचाला पत्र्याची पेटी, आणि ती भरलेली पेटी राफ्टवरून शेवटपर्यंत बरोबर. पूर्वी ही लष्कराची दारूगोळ्याची पेटी असे. तिच्या कडांवर बसून मांडीला वळ उठत, म्हणून इंग्रजीत तिचं नाव वळांवरूनच पडलं, ग्रूव्हर. लघवी मात्र थेट नदीत करायची, कारण काठावर पाऊस इतका तुटपुंजा की वाळू धुऊन निघत नाही. पटलं मला. तरी नदीला नमस्कार करून वाढलेल्या माणसाला पहिले दोन दिवस जड गेलं, हे कबूल करतो.

पाचव्या दिवशी हॅन्स रॅपिड. रॅपिड म्हणजे नदी जिथे धोंड्यांतून फेसाळत खाली धावते ती जागा. इथले बहुतेक रॅपिड एखाद्या घळीच्या तोंडाशी असतात. वळवाच्या पावसात घळीतून चिखलाबरोबर मोठाले धोंडे येऊन नदीत पडतात, पात्र आवळतं, वर पाणी तुंबतं आणि खाली कोसळतं. गाइड बाईंनी राफ्ट अलीकडेच बांधली, आम्हाला उंचवट्यावर नेलं आणि पाव तास नुसतं पाणी पाहिलं. नंतर बोट दाखवलं. धोंड्यांमधून गुळगुळीत पाण्याची एक जीभ पुढे गेली होती. तिच्यावरून उतरायचं, दोन हात जरी चुकलो तर डावीकडचा खड्डा. धरणाच्या सांडव्याच्या पायथ्याशी पाण्याची जी उसळी मोडायला आम्ही काँक्रीटचे दात बसवतो, ती तिथे मोकाट सुटलेली होती. खाली उतरताना मी काय पाहिलं म्हणाल, तर काहीच नाही. डोळ्यांवर पाण्याची भिंत आली, आणि ती फुटल्यावर मुलगी किंचाळत हसताना दिसली.

हॅन्सनंतर दरी एकदम काळी होते. या खडकाला विष्णू शिस्ट म्हणतात. वरच्या एका शिखराचं नाव विष्णू टेम्पल, आणखी एकाचं शिव टेम्पल. डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने 1880 च्या दशकात ही नावं दिली. आपला सह्याद्रीचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या घरातला. हा 170 कोटींचा. हात लावून पाहिला. पाण्याने घासून घासून तो देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झाला होता.

दुसऱ्या दिवशी फँटम रँचला राफ्ट सोडून पायवाटेने वर चढायचं होतं, साधारण तेराशे मीटर, म्हणजे सिंहगडावर सिंहगड. झोप येईना. मी संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवली होती. अडीचच्या सुमारास बॅटरी घेऊन पाहायला गेलो. पाणी काटकीपासून वीतभर मागे सरलं होतं, आणि गाइड बाई आधीच उठून दोर सैल करत होत्या.

"हे आकडे ठरवतं कोण, माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, "माझ्यासारखा कोणीतरी. टेबलापाशी बसून, चहा पीत."

त्या हसल्या नाहीत. राफ्टच्या कडेचा पट्टा माझ्या हातात देत म्हणाल्या, "मग ढकला आता."